तणनाशकाविना रूळमार्ग: कोकणातल्या कटिंगची पावसाळ्यापूर्वीची तयारी

कोकणातल्या रेल्वेमार्गावर तण डोळ्यांत भरते ते जुलैत, परंतु त्याच्या बंदोबस्ताची तयारी एप्रिलमध्ये सुरू होऊन मेअखेर संपलेली असावी लागते. कारण एकदा मृग लागला की रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमधली निम्मी माणसे गस्तीवर जातात आणि गावातली माणसे आधी पेरणीत व मग लावणीत गुंतून पडतात. पुढील यादी रोहा ते ठोकूर या मार्गाच्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या टप्प्यावरील एखाद्या कटिंगचा, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेल्या जागेचा, विचार करून, तणनाशक अजिबात वापरायचे नाही असे ठरवून केलेली आहे. कटिंगच्या गटारातले पाणी थेट खालच्या भातखाचरांत आणि विहिरींत उतरते, आणि पहिल्या पावसानंतर रेल्वेच्या हद्दीलगतच्या उतारांवरून टाकळा, कुर्डू, भारंगी खुडून नेणाऱ्या बायका गावोगाव आहेत. ज्या पाल्याची भाजी होते त्याच्या शेजारी विष फवारू नये, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

सर्वांत आधी हाती वही घेऊन पूर्ण हद्द पायी चालावी, आणि मुकादमाबरोबर कीमनलाही, म्हणजे रोज रूळ तपासत चालणाऱ्या कामगारालाही, सोबत घ्यावे, कारण तो रोज तोच रस्ता चालतो आणि कोणत्या खांबाजवळ गेल्या वर्षी काय माजले होते ते त्याला पाठ असते. किलोमीटरचा दगड आणि विजेच्या खांबाचा क्रमांक लिहून प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टींची नोंद करावी: तण कोणते आहे, ते खडीत आहे, सेसवर (खडीलगतच्या मातीच्या पट्टीवर) आहे की उतारावर, आणि त्या जागी पाणी तुंबते का. तिसरी नोंद बहुतेक वेळा गाळली जाते, पण माझ्या मते तिच्यावरच सगळे अवलंबून आहे. स्वच्छ खडीत बी रुजत नाही, कारण २० ते ६५ मिलिमीटर आकाराच्या दगडांच्या पोकळीत पाणी टिकत नाही आणि मुळाला धरायला माती सापडत नाही. मात्र जांभ्याची तांबडी माती उतारावरून धुऊन खडीत उतरली, दगडांचा भुगा झाला, पालापाचोळा कुजून त्यात मिसळला, की त्याच खडीत वाफा तयार होतो. मग तणाची मुळे आणखी माती धरून ठेवतात, निचरा मंदावतो, गाडी जाताना स्लीपरखालून चिखल वर येतो आणि रुळाची पातळी बिघडू लागते. म्हणून जिथे दरवर्षी त्याच जागी दाट तण येते, तिथे नुसते कापत बसणे हे वेळ वाया घालवणे आहे. ती जागा वहीत वेगळ्या खुणेने दाखवून खडी चाळण्याच्या कामात आधी घालावी. संपूर्ण मार्गाची खोल चाळणी दहा वर्षांतून किमान एकदा व्हावी असा नियम आहे, परंतु कटिंगमधल्या अशा मोजक्या जागा तितकी वाट पाहू शकत नाहीत, आणि तिथे निदान स्लीपरांमधली व खांद्यावरची, म्हणजे स्लीपरांच्या टोकांबाहेरची, खडी हाताने चाळून, खाली पडलेली माती कटिंगबाहेर नेऊन टाकावी. ती माती सेसवरच पसरून ठेवण्याची सवय मोडावी, कारण पहिल्याच जोरदार सरीत ती पुन्हा खडीत येते.

याच फेरीत कडेची गटारे आणि कटिंगच्या माथ्यावरचे, डोंगरावरून येणारे पाणी अडवून बाजूला वळवणारे चर तपासावेत. माथ्यावरचा चर रुळावरून दिसत नसल्याने तिथे कोणी चढत नाही, आणि तो रानमोडीने व दगडमातीने बुजलेला असला तर ते सारे पाणी बियाण्यासकट थेट रुळावर उतरते. हे काम तणाच्या यादीत कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याला जुलैत ती जागा दाखवावी.

अवजारांची जुळवाजुळव मेच्या पहिल्या आठवड्यात करावी. खुरपी, विळे, कोयते, दाताळी, फावडी, घमेली आणि पहारी मोजून घ्याव्यात व धार लावून ठेवाव्यात, कारण बोथट खुरप्याने तण वरून तुटते आणि मूळ खडीतच राहते. ब्रश कटर असेल तर तो फक्त सेसपलीकडे वापरावा. खडीवर त्याची दोरी दगड उडवते, आणि तो उडालेला दगड शेजारच्या माणसाच्या डोळ्यापर्यंत सहज पोहोचतो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, नाकावर बांधायचे फडके आणि गुडघ्यापर्यंतचे बूट प्रत्येकाला मिळाले आहेत याची स्वतः खात्री करावी. गाजर गवत उपटताना हे सर्व सक्तीचे समजावे, कारण त्याने त्वचेला खाज सुटून चट्टे उठतात आणि परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. हे गवत १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि रस्ते व रेल्वेच्या कडेनेच दूरवर पसरत गेले, तेव्हा ते रोखण्यात आपलाही वाटा असायला हवा.

दिवस ठरवताना पंचांगापेक्षा तणाचे वय पाहावे. गाजर गवत उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते आणि एका झाडापासून हजारो बिया पडतात. म्हणून पहिली निंदणी पाऊस सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांत, जमीन ओली आणि मुळे सैल असताना करावी, दुसरी ऑगस्टच्या शेवटी आणि तिसरी पाऊस ओसरताच ऑक्टोबरमध्ये ठेवावी. पहिली निंदणी नेमकी भातलावणीच्या दिवसांत येत असल्यामुळे मजुरांशी बोलणी मे महिन्यातच पक्की करावीत. लव्हाळा आणि हराळी एकदा उपटून संपत नाहीत, गाठ व मूळ काढले नाही तर ती पुन्हा फुटतात; तिथे चिकाटीच लागते.

काही उपाय रसायन नाहीत म्हणून सुचवले जातात, पण ते आधीच बाद ठरवून गँगला स्पष्ट सांगावेत. मीठ किंवा खारे पाणी टाकू नये, कारण त्याने रूळ आणि क्लिपा गंजतात, शिवाय रुळावर गाडी आहे की नाही हे सिग्नलला कळवणाऱ्या ट्रॅक सर्किटचा प्रवाह ओल्या खाऱ्या खडीतून गळतो. व्हिनेगर हेही आम्लच आहे. जळके तेल किंवा डिझेल ओतणे म्हणजे विहिरींवरचा धोका नुसता बदलणे होय. आग तर कधीच लावू नये. सेसखाली केबल असतात, स्लीपरवर रबरी पॅड असतात आणि मेमधले वाळलेले गवत डोंगरापर्यंत पेट घेते. उकळते पाणी किंवा वाफ हा मात्र खरा पर्याय आहे, आणि स्वित्झर्लंडच्या रेल्वेने गरम पाणी फवारणाऱ्या गाडीच्या चाचण्याही घेतल्या आहेत. कोवळे तण त्याने मरते, पण खोल मुळांची झाडे पुन्हा फुटत असल्याने तो स्थानकाच्या आवारापुरता आणि वारंवार करण्याची तयारी असेल तरच योजावा.

उतारावर मात्र नियम उलटा आहे. तिथे गवत उपटू नये, कापावे, कारण मुळे माती धरतात. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरड कोसळून झालेला अपघात ज्यांना आठवतो त्यांना हे वेगळे सांगायला नको. वाळ्यासारखी खोल मुळांची गवते जिथे लावलेली असतील त्या जागा नव्या मजुरांना चुन्याच्या खुणेने दाखवाव्यात. रानमोडी आणि घाणेरी काढायचीच असेल तर ती टप्प्याटप्प्याने काढून त्या जागी स्थानिक गवत येऊ द्यावे. पूल आणि मोऱ्यांच्या दगडी सांध्यांत उगवलेला पिंपळ किंवा उंबर वीतभर असतानाच मुळासकट काढून सांधा भरून घ्यावा.

सुरक्षेची तयारी अवजारांइतकीच लेखी असावी. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी १,२०० मीटर अंतर सुमारे ४३ सेकंदांत कापते, आणि वळणाच्या कटिंगमध्ये पावसाच्या आवाजात ती ऐकूच येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना शिट्टी व झेंडे घेतलेला, दुसरे कोणतेही काम न दिलेला माणूस उभा करावा आणि कटिंगमध्ये बाजूला होण्याची जागा कोठे आहे हे काम सुरू होण्याआधी सर्वांना चालून दाखवावे. चाळणीचे काम ब्लॉकशिवाय, म्हणजे ठरलेल्या वेळेसाठी गाड्या थांबवून घेतल्याशिवाय, घेऊ नये. रुळांच्या वर २५,००० व्होल्टची तार असल्याने लांब बांबूला कोयता बांधून फांद्या तोडणे पूर्ण बंद ठेवावे, तारेपासून दोन मीटरच्या आत यावे लागणार असेल तर वीज बंद करून घ्यावी. दगडाखाली हात घालण्याआधी दाताळ्याने तो उलटावा, कारण रत्नागिरीच्या पट्ट्यात फुरसे आणि लाल विंचू दोन्ही असतात. सर्पदंशावरची लस आज कोणत्या रुग्णालयात शिल्लक आहे, याची चौकशी करून तो दूरध्वनी क्रमांक मुकादमाच्या खिशात द्यावा.

शेवटी उपटलेल्या तणाची जागा ठरवावी. फुलण्याआधी काढलेले तण हद्दीबाहेरच्या खड्ड्यात कुजवता येते, परंतु फुलावर आलेले गाजर गवत गोणीत भरूनच न्यावे आणि गुरांपुढे टाकू नये, कारण त्याने दुधाला कडवट चव येते. प्रत्येक निंदणीनंतर त्याच वहीत तारीख, माणसांची संख्या आणि किती मीटर झाले ते लिहावे, आणि ऑक्टोबरची फेरी संपताच एप्रिलमध्ये वेगळी खूण केलेल्या जागा पुन्हा चालून पाहाव्यात. ज्या ठिकाणी तण अजूनही तितकेच दाट असेल ती ठिकाणे त्याच आठवड्यात खडी चाळण्याच्या पुढच्या मागणीपत्रात लिहावीत.