जुन्या कर्जासाठी वसुलीवाल्याचा फोन आला तर

सात-आठ वर्षांपूर्वीच्या कर्जासाठी अचानक फोन आला ना, तर घाबरून काहीही कबूल करायचं नाही, "हो हो देतो, थोडा वेळ द्या" हे तर अजिबातच नाही. मूळ कर्ज कोणाचं, रक्कम किती, हे सगळं लेखी मागा आणि फोन ठेवून द्या. मग जुनी स्टेटमेंटं काढून शेवटचा हप्ता कधी भरला ते शोधा, सगळा खेळ त्या तारखेवर आहे. साध्या (तारण नसलेल्या) कर्जासाठी पैसे देणाऱ्याला कोर्टात जायची मुदत भारतात साधारण ३ वर्षं, इंग्लंडमध्ये ६, स्कॉटलंडमध्ये ५.

आता खरी गोम. वसुलीवाला गोड बोलून म्हणेल, निदान थोडे तरी भरा, फाइल बंद करतो. नका भरू! बऱ्याच ठिकाणी तेवढ्या पैशाने किंवा कर्ज कबूल केल्याच्या एका सहीने मुदत परत पहिल्यापासून मोजायला लागतात. मुदत संपली म्हणजे कर्ज पुसलं असं नाही हां (स्कॉटलंडमध्ये मात्र पुसलंच जातं), फक्त दावा टिकत नाही, आणि तोही बऱ्याच कोर्टांत तुम्ही स्वतः हा मुद्दा मांडलात तरच, म्हणून समन्स आलं तर कचऱ्यात टाकू नका, तारखेला जा.