बाजेशेजारचा पाळणा: नवजात बाळासाठी झोपायची सुरक्षित जागा कशी निवडावी

बाळाने पहिले निदान सहा महिने आईच्याच खोलीत, तिच्या हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर झोपावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. रात्री दोन-तीनदा पाजायला उठणाऱ्या बाळंतिणीलाही ते सोयीचे पडते. त्यासाठी शहरातल्या दुकानांत ‘बेडसाइड क्रिब’ मिळते. हा एका बाजूने उघडा पाळणा असतो आणि तो आईच्या पलंगाला पट्ट्यांनी बांधतात. नागपूरच्या सीताबर्डीत किंवा इतवारीत तो दिसला की शहरातले नातेवाईक बारशाला तोच घेऊन येतात. पण हा पाळणा जड, सपाट पेटीपलंगासाठी बनवलेला आहे. आपल्याकडे बाळंतीण बहुधा बाजेवर झोपते, नाहीतर खाली गादीवर. म्हणून पाळण्याआधी आई कशावर झोपणार ते बघा.

आईची झोपायची जागा

बाज असेल तर बाजूने उघडा पाळणा घेऊ नका. सुतळीची असो की नवारीची, बाज मधोमध खचते आणि आई कडेला बसली की एका अंगाने दबते. पाळण्याची गादी मात्र सपाट आणि जागच्या जागी राहते. दोन्हींची पातळी जुळत नाही, आणि जिथे जुळत नाही तिथे फट पडते. शिवाय बाज हलकी असते, आई उठताना ती दर वेळी दोन-चार बोटे सरकते. रात्री बांधलेला पट्टा पहाटेपर्यंत सैल झालेला असतो. त्या फटीत बाळाचा चेहरा किंवा छाती अडकली तर नवजात बाळाला मान वळवून सुटता येत नाही, आणि तोंड दबल्यामुळे रडण्याचा आवाजही येत नाही. बाजेशेजारी चारही बाजूंनी बंद पाळणा ठेवा. तो बाजेच्या उंचीचा असला की आईला पडल्या पडल्या बाळ दिसते आणि हात घालता येतो. पायथ्याची दोरी ओढून बाजेची वीण घट्ट करून घेतली तर पाजतानाही आईला बरे पडेल.

दिवाण किंवा लाकडी पेटीपलंग असेल तर जोडायचा पाळणा चालतो, पण अटी आहेत. पाळण्याची गादी आणि आईची गादी एका पातळीत हव्यात, मधली फट शून्य हवी. पट्टे पलंगाच्या पलीकडच्या कडेला, लाकडी चौकटीलाच बांधायचे. उतरवलेल्या बाजूलाही पाळण्याच्या गादीच्या वर १०-१२ सें.मी.चा कठडा उरत असेल तर तो पाळणा उत्तम. मात्र आईची गादी त्या कठड्यापेक्षा उंच नसावी. हे सगळे आई पलंगाच्या कडेला बसलेली असताना तपासा, कारण कापसाची गादी वजनाने दबते आणि महिनाभरात कायमचीच खाली बसते. पट्टे रोज संध्याकाळी ओढून बघावेत. फट दिसली तर तिच्यात गोधडीची गुंडाळी कोंबू नका. गुंडाळी रात्रीतून निसटते आणि बाळाच्या तोंडावर येते.

आई खाली झोपत असेल तर पावसाळ्यात ती सवय मोडावी. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश बहुतेकदा जमिनीवर झोपलेल्यांनाच होतो आणि दुखत नसल्याने कळतही नाही. आईसाठी बाज टाका, बाळासाठी पायांवर उभा पाळणा घ्या. सिझेरियन झाले असेल तर जमिनीवरून उठताना टाक्यांवर ताण येतो, तेव्हा तर बाज हवीच.

दुकानात मोजपट्टी घेऊन जा

खिशात मोजपट्टी आणि ६ सें.मी. रुंद कापलेला जाड पुठ्ठ्याचा तुकडा असू द्या. दोन गजांमध्ये तो तुकडा आडवा घालून बघा. आरपार गेला तर फट मोठी आहे: बाळाचे अंग पायाकडून सरकत बाहेर जाते आणि डोके आत अडकते. लोखंडी पाळण्यांत हा दोष फार आढळतो, गज कमी घातले की माल वाचतो. जाळीच्या बाजू असतील तर जाळीची भोके ६ मि.मी.पेक्षा लहान हवीत, नाहीतर बोटे आणि अंगड्याची बटणे अडकतात.

आतली लांबी ७५ ते ९० सें.मी. आणि रुंदी ४५ ते ५५ सें.मी. पुरते. गादी ठेवल्यावर तिच्यापासून वरच्या दांड्यापर्यंत निदान वीतभर उंची उरली पाहिजे. चार कोपऱ्यांचे खांब दांड्याच्या वर आलेले नसावेत. शोभेचे गोंडे आणि कळस दिसायला छान, पण त्यांना झबल्याची नाडी अडकते.

तळ सपाट आहे का हे बघायला मध्यभागी लिंबू ठेवा. ते एकाच बाजूला घरंगळत असेल तर पाळणा कललेला आहे. डोके वर करून कललेल्या पाळण्यात बाळाची हनुवटी छातीला टेकते. नवजात बाळाची श्वासनळी बारीक आणि मऊ असते, मान दुमडली की ती दबते. अमेरिकेत १० अंशांपेक्षा जास्त कललेली झोपण्याची साधने आणि पाळण्याच्या कडेला बांधायच्या मऊ उशा यांच्या विक्रीवर २०२२ मध्ये कायद्याने बंदी आली. आपल्या बाजारात दोन्ही अजून सर्रास विकली जातात. ती घेऊ नका, भेट आली तरी पाळण्यात ठेवू नका.

झुलणारा पाळणा घ्यायचा असेल तर त्याला झोका थांबवायची खिट्टी हवी. बाळ झोपले की खिट्टी लावायची, कारण हलत्या पाळण्यात बाळ एका कडेला घसरून कठड्याला चिकटते. उघड्या एस आकाराच्या कड्या नकोत, त्या ताणाने उघडतात. नटबोल्टने बंद होणाऱ्या कड्या बसवून घ्या.

मजबुतीसाठी १० किलो गव्हाची पिशवी आत ठेवा आणि पाळणा चारही बाजूंनी हलवा. बाळ तीन किलोचे असते हे खरे, पण थोरले भावंड कठड्याला लटकणारच. करकर आवाज, डगमगणारा पाय, आपोआप सुटणारी घडीची कळ, यांतले काहीही आढळले तर दुसरा बघा. आठवडी बाजारातला माल परत घेतला जात नाही, तेव्हा ही परीक्षा पैसे देण्याआधीच करावी.

आजोळचा जुना पाळणा

पहिले बाळंतपण माहेरी, आणि माळ्यावर आईच्या वेळचा सागवानी पाळणा असतोच. जीव अडकलेला असतो, म्हणून तो नीट तपासा. रंगवलेला असेल तर झोपण्यासाठी वापरू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते. तो रंग घरात घासून काढणे तर आणखी वाईट, कारण शिशाची धूळ बाळाच्याच श्वासात जाते. असा पाळणा बारशाला नाव ठेवण्यापुरता सजवा.

रंग नसलेल्या सागवानाचे मात्र सोने करता येते. सुताराकडून सांधे खिळ्यांऐवजी स्क्रूने आवळून घ्या, गजांच्या फटी जास्त असतील तर मध्ये गज घाला. कीड लागली असेल, म्हणजे बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल, तर तो भाग बदला. लाकूड आधी १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. वर्निशऐवजी खायचे जवस तेल पातळ हाताने चोळा आणि जास्तीचे पुसून टाका. हे तेल सुकायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून काम सातव्या-आठव्या महिन्यातच उरका. तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका: जवस तेल सुकताना तापते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते अंगणात पसरून पूर्ण वाळवा, मग फेका.

गादी

चूक सर्वांत जास्त इथेच होते, आणि तीही मायेपोटी. कापूस घरचा, बाळ पहिले, म्हणून आजी ताजा पिंजलेला कापूस भरून लोण्यासारखी मऊ गादी करवून घेते. अशा गादीत डोके रुतते, नाकाभोवती खळगा होतो आणि बाळ सोडलेलीच हवा पुन्हा आत घेत राहते.

गादीवाल्याला सांगा: जाडी २ ते ३ इंच, कापूस ठासून, टाके चार-चार बोटांवर. ९० बाय ५० सें.मी.च्या गादीला साधारण दीड ते दोन किलो कापूस लागतो. तयार झाली की तळहात जोराने दाबा आणि उचला. खळगा लगेच भरून आला, आणि दाबताना तळहाताच्या कडेने कापड वर फुगले नाही, तर गादी चालेल. रबराइज्ड कॉयरची (रबर लावलेल्या काथ्याची) तयार गादीही चांगली. गादीखाली झोळ पडणारी पट्टी नको, ९ किंवा १२ मि.मी.चा प्लाय टाका आणि हवा खेळायला त्याला भोके पाडून घ्या.

गादी आणि कठडा यांच्यामधली फट दोन बोटांहून जास्त नको. मेणकापड गादीला घट्ट गुंडाळून खालून टाचा, त्यावर सुती चादर ताणून दुमडा. सुटे मेणकापड बाळाच्या तोंडावर आले तर श्वास बंद होतो. दर पंधरा दिवसांनी गादीला ऊन द्या आणि गोळे झालेत का ते चाचपून बघा.

पाळण्यात काय नको

चादर आणि बाळ, बस. मोहरीची उशी नको: तिने डोके गोल होत नाही, मान मात्र पुढे दुमडते. डोके चपटे होऊ नये म्हणून जागेपणी, समोर बसून, बाळाला थोडा थोडा वेळ पोटावर पालथे ठेवावे. वेखंडाची पुरचुंडी, घुंगरू, खुळखुळा, कापडी बाहुली बाहेर ठेवा. दृष्टीसाठी उशाशी चाकू किंवा विळा ठेवायची पद्धत असेल तर तो पाळण्यात न ठेवता आईच्या बाजेखाली, मुलांच्या हाताबाहेर ठेवता येतो. आजीचेही मन राहते. काळा दोरा गळ्यात नको, कमरेला बांधा.

बाळाला नेहमी पाठीवर झोपवा. दूध वर आले तर ठसकेल या भीतीने पुष्कळ घरांत कुशीवर झोपवतात. पण पाठीवर असताना श्वासनळी अन्ननळीच्या वरच्या अंगाला असते, वर आलेले दूध खालच्या नळीत परतते आणि बाळ ते गिळते. पाजल्यावर ढेकर काढायची, मग निजवायचे.

पाळणा कुठे ठेवावा

भिंतीपासून हातभर लांब. विंचू आणि गोम भिंतीवरून येतात; जमिनीवरूनही चढू नयेत म्हणून चादरीची किंवा मच्छरदाणीची टोके जमिनीला टेकू देऊ नका. मच्छरदाणी ताणून बांधा आणि गादीखाली खोचा. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या तर त्या सपाट, रुंद बुडाच्या हव्यात आणि पाणी रोज बदलायचे, नाहीतर त्यातच डास होतात.

कूलरपासून निदान दोन हात अंतर ठेवा, लोखंडी पाळणा तर त्याला कधीच टेकू नये. पत्र्याच्या कूलरच्या बॉडीत करंट उतरू शकतो, अर्थिंग नसेल तर धोका आणखी वाढतो. हवेचा झोत थेट अंगावर नको, समोरच्या भिंतीवर आपटून येऊ द्या. एप्रिल-मेमध्ये टिनाच्या छपराखालची खोली दुपारी भट्टी होते; तेव्हा पाळणा ढाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) किंवा कौलारू खोलीत हलवा. बाळाला गरम होते का ते हात-पाय बघून कळत नाही, मानेमागे आणि छातीवर हात लावा. घाम आला असेल तर एक कपडा कमी करा. थंडीत गोंदियाकडे पारा चांगलाच उतरतो. तेव्हाही सुटे पांघरूण न घालता अंगातच एक झबले जास्त घालावे, आणि शेगडी किंवा धुरी बंद खोलीत ठेवू नये.

ज्या खोलीत भाव वाढायची वाट बघत कापूस रचून ठेवला आहे, किंवा फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे आहेत, तिथे पाळणा नकोच. फवारून आलेल्याने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला उचलू नये.

झोळीचे काय

शेतात कापूस वेचणीला गेलेल्या आईपुढे झोळीशिवाय मार्ग नसतो, हे खरे. मग ती दिवसा, नजरेसमोर आणि थोड्या वेळासाठीच वापरा. दोन्ही टोकांना आडवी काठी घाला म्हणजे लुगडे बाळाच्या तोंडावर मिटत नाही. उंची गुडघ्याखाली ठेवा, थोरल्या मुलांना झोळी पिळू देऊ नका, आणि बाळाची हनुवटी छातीपासून दोन बोटे सुटी आहे ना ते पुन्हा पुन्हा बघा. रात्रीच्या झोपेला झोळी नको. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला तर दिवसाही नको, त्याची जागा आईच्या उघड्या छातीवर, कांगारू पद्धतीने. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात (३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी); त्यांना झोपायची जागा आवर्जून दाखवा. बाळाचे ओठ निळसर दिसले, श्वास अडखळला किंवा ते जागे होऊन दूध ओढेना, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

पाळणा बदलायची वेळ

पाळण्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, अनेकांवर ९ किलो. पण वजनाआधीच वेळ येते, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात. बाळ कूस वळवू लागले की दुपट्यात बांधणे त्या दिवसापासून बंद, आणि हातांवर जोर देऊन छाती उचलू लागले की हा पाळणा काढा, उंच कठड्यांचा मोठा पलंग घ्या. काढलेल्या पाळण्याचे स्क्रू, पट्टे आणि खिट्टी एका पिशवीत घालून पिशवी चौकटीलाच बांधून ठेवा. पुढच्या बाळाच्या वेळी एक जरी स्क्रू कमी भरला तर जुळवाजुळव न करता त्याच मापाचा नवा आणा.