गच्चीवर ४० मीटरचा अँटेना: निवडावा कसा, उभारावा कसा

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आला, व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (स्टेशनची ओळख) मिळाला, रिग म्हणजे रेडिओ संचही टेबलावर आला, की पुढचा प्रश्न ठरलेलाच: अँटेना कुठला? बहुतेक जण गेनचे, म्हणजे अँटेना एका दिशेला किती जोर लावतो त्याचे, आकडे वाचत बसतात. लो-बँडवर, म्हणजे १६०, ८० आणि ४० मीटर लांबीच्या लहरींवर, त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात. बोलायचं कोणाशी, आणि तार ताणायला सरळ जागा किती.

पुण्या-ठाण्यातल्या चार-पाच मजली सोसायटीत राहणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे. सुरुवात ४० मीटरने करा आणि इन्व्हर्टेड व्ही लावा. हा साधा अर्धलहरी डायपोलच, म्हणजे लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची, मधोमध केबल जोडलेली तार, फक्त मध्य उंच आणि दोन्ही टोकं खाली उतरती. कमी उंचीवरचा असा अँटेना बरीचशी शक्ती थेट वर फेकतो आणि आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, ती चारशे-पाचशे किलोमीटरच्या परिघात परत येते. पुण्याहून हैदराबाद किंवा गोवा गाठायला दिवसा हेच हवं. परदेशी स्टेशनांचंच वेड असेल तर कमी कोनात फेकणारा १० मीटर उंच व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, बरा, पण त्याला बुडापासून चहूकडे पसरलेल्या रेडियल तारा लागतात. त्या गच्चीभर पसरल्या की पापड वाळत घालणाऱ्या काकूंशी वाद ओढवून घ्याल.

१. जागा मोजा. सूत्र सोपं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे तारेची एकूण लांबी मीटरमध्ये. ७.१ मेगाहर्ट्झला ती २०.१४ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण १० मीटर. गच्ची १२ बाय १५ मीटर असेल तर कर्ण १९.२ मीटर. मधे ६ मीटरचा खांब, टोकं अडीच मीटरवर, असं धरलं तर जमिनीवरचा पसारा पावणेएकोणीस मीटर होतो. कर्णात बसला! दोन बाजूंमधला कोन मात्र ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. टोकांशी व्होल्टेज जास्त असतं, म्हणून ती कोणाच्या हाताला लागता कामा नयेत.

विजेच्या तारा जवळ असतील तर ती जागा बादच. खांब किंवा तार कलंडली तरी तिथवर पोचणार नाही इतकं अंतर हवं. आणि सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्या, नंतर नाही.

गच्ची मिळतच नसेल तर एंड-फेड, म्हणजे एका टोकाला केबल जोडलेला अँटेना, बघा: २० मीटर तार, बाल्कनीत तार आणि केबलचा मेळ घालणारा ४९:१चा ट्रान्सफॉर्मर, दुसरं टोक समोरच्या झाडाला. काम होतं, पण कोॲक्सवर, म्हणजे रिगकडे येणाऱ्या जाळीदार केबलवर, चोक (बाहेरचा प्रवाह अडवणारं वेटोळं) लावला नाही तर रेडिओ लहरी केबलवरून घरात शिरतात.

२. तार थोडी लांब कापा. घरच्या वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. प्रत्येक बाजू १०.३ मीटर ठेवा. टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून चालतात. मध्यभागी १:१चा बालन (तारेच्या दोन बाजू आणि केबल यांचा मेळ घालणारा जोड), नाहीतर फेराइट रिंगवर गुंडाळलेला कोॲक्सचा चोक.

३. वर चढवा, मोजा, मग छाटा. समजा २०.६ मीटर तारेवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, सगळ्यात कमी ६.८५ मेगाहर्ट्झला दिसला. २०.६ गुणिले ६.८५ भागिले ७.१ म्हणजे १९.८७. दोन्हीकडून ३६-३६ सेंटिमीटर कमी करायचे. लगेच पक्कड चालवू नका, आधी टोक मागे दुमडून तारेलाच पीळ द्या आणि पुन्हा मोजा. एसडब्ल्यूआर १.५च्या खाली आला की पुरे. १.१ साठी दिवसभर जिना चढण्यात अर्थ नाही, समोरच्याला तो फरक ऐकू येत नाही. हाच अँटेना १५ मीटर बँडवरही बऱ्यापैकी चालतो, तो फुकटचा फायदा.

४. पावसाळ्याची तयारी. कोॲक्सच्या उघड्या तोंडातून पाणी शिरलं की जाळीच्या तारा काळ्या पडतात आणि केबल फेकावी लागते. जोडांवर आपोआप एकजीव होणारी रबर टेप गुंडाळा, वरून साधी टेप. केबल खाली येताना एक वेटोळं लोंबतं ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. ढग गडगडायला लागण्याआधी कोॲक्स रिगपासून काढून ठेवायची.

८० मीटरचा मोह पुढे होतोच, कारण रात्री ७ मेगाहर्ट्झवरून जवळची स्टेशनं अनेकदा गायब होतात. पण त्याला ४० मीटर तार लागते. गच्चीत बसवायची तर टोकं कठड्याच्या कडेने वळवा. तारेत लोडिंग कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, लावून अँटेना आखूडही करता येतो, फक्त मग एका ट्यूनिंगमध्ये बँडचा छोटासा तुकडाच मिळतो.

ऐकताना सतत घरघर येत असेल तर अँटेनाला दोष देण्याआधी रिग बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. आवाज पडला तर गुन्हेगार घरातच आहे: एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर. मग एकेक प्लग लावत जा, सापडेल.