सोयादुधाच्या चोथ्याचा मोकळा झुणका
२ वाट्या चोथा फडक्यात घट्ट पिळा. पाणी राहिलं की गोळा होतो. दूध न उकळताच गाळलं असेल तर चोथा कच्चा असतो आणि पोटाला बाधतो, म्हणून आधी १५ मिनिटं वाफवा.

लोखंडी कढईत ३ मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद, ठेचलेल्या ८ लसूणपाकळ्या. त्यात २ कांदे गुलाबी परता. चोथा घालून मध्यम आचेवर, तळ खरवडत, रवाळ होईपर्यंत १२-१५ मिनिटं परता. घाई इथेच नडते. चोथ्याला स्वतःची चव जवळपास नाही, तेव्हा कांदा-लसूण मसाला सढळ हाताने, मग मीठ, लिंबू. मंडईत पातीचा कांदा मिळाला तर उत्तमच.

पुण्याच्या पावसाळी हवेत चोथा ओट्यावर लवकर आंबतो. लगेच फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा.