आकडेमोडीचा छोटा प्रोग्राम लिहिताय? या चुका टाळा

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली की पहिला प्रोग्राम बहुधा कॅल्क्युलेटरचा असतो. दोन संख्या विचारायच्या, बेरीज दाखवायची. त्यापेक्षा सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करून बघा. वजन, दर, हमाली, तोलाई (वजन करण्याचा खर्च), अडत (अडत्याचं कमिशन) विचारायची आणि शेवटी हातात पडणारी रक्कम दाखवायची. फक्त मजकूर दाखवणाऱ्या काळ्या खिडकीत चालणारा तीसेक ओळींचा प्रोग्राम, पण नवशिक्याच्या बहुतेक चुका त्यात भेटतात. (खालचे आकडे उदाहरणापुरते. अडत किती आणि कोणी द्यायची, हा वेगळा वाद.)

हमाली 125, तोलाई 75, एकूण 12575. असं दिसलं तर समजा की बेरीज झालीच नाही, दोन शब्द एकमेकांना चिकटले. पायथॉन 3 मध्ये ‘इनपुट’, म्हणजे वापरणाऱ्याला विचारणारी आज्ञा, नेहमी मजकूर देतो, त्याची संख्या आपण करायची. जुन्या पायथॉन 2 मध्ये टाइप केलेल्या आकड्याची थेट संख्या व्हायची. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 पासून बंद झाला, तरी तेव्हाचे धडे अजून फिरतात आणि पोरं गोंधळतात.

पुढची चूक महागात पडते. वजन 3.75 क्विंटल टाकलं की मजकुराची पूर्ण संख्या करणारा ‘इंट’ व्हॅल्यूएरर (किंमत चुकीची असल्याचा एरर) देतो. मग कुणीतरी सुचवतं, आधी ‘फ्लोट’ (दशांश संख्या) कर, त्यावर ‘इंट’ लाव. एरर जातो, पण वजन 3 होतं. पाऊण क्विंटल हळद गायब! 14,500 रुपये दराने 54,375 ऐवजी 43,500 दिसतात, म्हणजे 10,875 रुपयांचा फटका, आणि स्क्रीनवर तांबडं अक्षरही नाही. माझ्या मते एरर देऊन थांबणारा प्रोग्राम बरा. तो निदान आपण अडलोय हे सांगतो. वजन, दर असल्या ठिकाणी सरळ ‘फ्लोट’ वापरा, नाहीतर ‘डेसिमल’ हा नेमके दशांश ठेवणारा प्रकार.

‘डेसिमल’ कशाला? 0.1 आणि 0.2 ची बेरीज करून बघा, उत्तर 0.30000000000000004 येतं. संगणक हे अपूर्णांक द्विमान (फक्त 0 आणि 1 च्या) पद्धतीत ठेवतो आणि त्यात 0.1 नेमका मावत नाही. पैशासाठी ‘डेसिमल’ घ्यायचा तर त्याला टाइप केलेला मजकूर थेट द्या. आधी ‘फ्लोट’ करून दिलात तर ती चूक तशीच आत जाते. जवळच्या पूर्णांकात बदलणाऱ्या ‘राउंड’चंही एक आहे: 812.5 चे 812 होतात आणि 813.5 चे 814. बरोबर अर्धा आला की तो सम संख्येकडे झुकतो. शाळेतल्या सवयीने पडताळलंत तर रुपयाचा फरक दिसेल.

टक्क्याचं चिन्ह टक्के काढत नाही, भागाकाराची बाकी काढतं. 54375 च्या पुढे ते चिन्ह आणि 3 लिहिलंत तर अडत शून्य येईल. शेतकरी खूश, अडत्या नाही. 3 ने गुणून 100 ने भागा, 1631.25 येतात. घातासाठी टोपीचं चिन्हही (^) चालत नाही, दोन गुणाकार चिन्हं (**) लागतात.

माणसं दर ‘14,500’ असा स्वल्पविराम देऊन टाकतात, तिथे ‘फ्लोट’ अडतो. स्वल्पविराम आधी काढून टाका. गंमत म्हणजे १४५०० असे देवनागरी अंक पायथॉन बिनतक्रार घेतो. आणि नुसतं ‘वजन सांगा’ विचारू नका, ‘वजन क्विंटलमध्ये’ विचारा. एखाद्याने किलोत 375 टाकलं तर पट्टी 54 लाखांवर जाते.

चुकीचं टाइप झालं तर पुन्हा विचारण्यासाठी लूप, म्हणजे त्याच ओळी परत परत चालवणारी रचना, लावतात, ते ठीक. पण त्यात एरर पकडणारं ‘एक्सेप्ट’ नुसतंच लिहू नका. ते प्रोग्राम थांबवणारं कंट्रोल-सीसुद्धा गिळतं, मग खिडकी बंद केल्याशिवाय सुटका नाही. फक्त व्हॅल्यूएरर पकडा. अख्खं गणित टाइप करू देण्यासाठी ‘इव्हॅल’ (दिलेला मजकूर पायथॉन म्हणून चालवणारी आज्ञा) वापरायचा मोह आवरा, कारण ते फाइल उडवण्याची आज्ञाही इमानदारीत पाळतं. त्याऐवजी सुचवलं जाणारं, फक्त साध्या किमती वाचणारं ‘लिटरल इव्हॅल’ असल्या आज्ञा पाळत नसलं तरी 2 गुणिले 3 सुद्धा करत नाही.

तपासायला घरातली जुनी पट्टी घ्या, तिचे आकडे टाका आणि पैशापर्यंत जुळवा. मग मुद्दाम नुसता एंटर दाबा, वजन उणे टाका, दराच्या जागी ‘चौदा हजार’ लिहा.