तिनोसचे कबुतरखाने मोजायला निघण्याआधी

तिनोस हे एजियन समुद्रातलं ग्रीक बेट. तिथले नक्षीदार दगडी कबुतरखाने मोजायला आणि रेखाटायला निघणाऱ्यांसाठी हे टिपण. व्हिसा, विमा, तिकिटं, औषधं यांवर शब्द खर्च करत नाही, ते तुम्हाला कळतं. पहिलं काम वहीचं. घरून निघण्याआधीच प्रत्येक कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ काढून ठेवा. त्यात उत्तरेचा बाण भरायचा आहे, आणि तोही रेखाटनाला हात घालण्याआधी. मागच्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. परत आल्यावर नक्षीदार भिंतींची पानंच्या पानं हातात होती, पण कुठल्या भिंतीने वाऱ्याकडे पाठ केली आहे, ते एकाही पानावरून सांगता येईना.

तिनोसच्या बांधकामात हाच तर जीव आहे. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, दिवसचे दिवस. कबुतरखाना बांधणाऱ्याने आधी हा वारा पाहिला, मग डोंगराचा उतार, मग खालचं पाणी आणि शेतं. वाऱ्याकडच्या भिंती जवळपास बंद ठेवल्या. नक्षी आणि पाखरांची भोकं दिली ती दरीकडे उघडणाऱ्या, आडोशाच्या बाजूला, म्हणजे कबुतर बाहेर पडलं की अंगावर वारा न घेता सरळ दरीत झेपावतं. दिशा नसलेल्या रेखाटनात यातलं काहीच उरत नाही, उरते फक्त नक्षी. म्हणून पुन्हा सांगते: आधी उत्तर, मग रेघ.

जाण्याआधी थोडं वाचून ठेवा. दादरचा कबुतरखाना मनातून काढून टाका. इथे शेतातली दुमजली दगडी इमारत असते. खाली अवजारं आणि धान्य, वर कबुतरं. मांस खायला, विष्ठा शेताला. बेटावर 1207 पासून 1715 पर्यंत व्हेनिसची सत्ता होती आणि कबुतरं पाळणं हा तेव्हा सरदारांचा हक्क होता. ती सत्ता गेल्यावर शेतकऱ्यांनीही कबुतरखाने बांधले. आज दिसतात त्यांतले बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. एवढं माहीत असलं की डौलदार दर्शनी भिंत आणि तिच्या पायाशी ठेवलेलं फावडं एकाच नजरेत बसतं.

ऑगस्ट टाळा. 15 ऑगस्टला एव्हांगेलिस्त्रियाच्या चर्चची यात्रा असते, अख्ख्या ग्रीसमधून माणसं येतात, राहायला जागा मिळत नाही. शिवाय मेल्तेमीचा जोर तेव्हाच. एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर चांगला. बेटावर विमानतळ नाही, बोटीनेच जायचं. अथेन्सच्या विमानतळावर उतरलात तर पिरेअस बंदरापेक्षा राफिना बंदर जवळ पडतं. वारा फार चढला की बोटी बंद होतात, विनवण्या करून उपयोग नसतो. म्हणून परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा हवाच.

सामान. मोठे कागद नेऊ नका, वारा फाडतो. ए-फोर वही, पाठीला जाड पुठ्ठा, चारही कोपऱ्यांना चिमटे. पाच मीटरचा टेप आणि फोटोत उभी करायला रंगवलेली मीटरपट्टी. पकड असलेले बूट, पाणी, टोपी, वारा अडवणारं जाकीट. आणि एक साधं होकायंत्र. फोनमध्ये असतं म्हणून ते वगळू नका. फोनच्या कव्हरला चुंबक असलं तर काटा खुशाल भलतीकडे जातो, आणि तुम्ही तीच दिशा पानावर पक्की करून बसता.

सुरुवात ताराम्बादोस गावापासून करा, तिथे एकाच ओढ्याच्या काठाने बरेच कबुतरखाने आहेत. समोर उभं राहिल्यावर लगेच काढायला बसू नका. नक्षी नीट बघा: शिस्ट या थराथरांच्या दगडाच्या पातळ फरश्या तिरप्या टेकवून त्रिकोण केलेले, त्रिकोणांचे चौकोन, मधे सूर्याचं चक्र, कुठे सुरूचं झाड. ओळींच्या मधे आडव्या फरशा बाहेर काढलेल्या असतात, कबुतरं त्यांवर बसतात. फरशीची जाडी, तिचं बाहेर आलेलं टोक, भोकाची रुंदी ही मापं टेपने घ्या, अंदाजाने नाही. नक्षी खोल असल्यामुळे ऊन तिरकं असतानाच ती उठून दिसते. समोरून ऊन आलं की भिंत सपाट होते. कुठल्या भिंतीवर ऊन तिरकं कधी पडेल हे कशावरून ठरवाल? दिशेवरून. बाण काढलाय ना?

जागा खाजगी आहेत. कोणी दिसलं तर ‘कालिमेरा’ (ग्रीकमध्ये सुप्रभात) म्हणा आणि हाताने विचारा. फाटक जसं होतं तसं लावा. तालींवर, म्हणजे शेताच्या दगडी बांधांवर, चढू नका, हे कळकळीने सांगते आहे. चुना-माती न वापरता नुसते दगड रचून केलेल्या भिंती आहेत त्या. एक दगड निसटला की वरची रांग येते, आणि पुन्हा रचणारे हात गावात आता थोडेच आहेत. हे कसब 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, पण त्याने ढासळलेली ताल उभी राहत नाही. पडझड झालेल्या कबुतरखान्यात तर पाऊलही टाकू नका.

गावांसाठी एक दिवस ठेवा. आर्नादोसला कमानींखालून जाणाऱ्या गल्ल्या बघा, आणि त्यांचीही दिशा नोंदवा, त्या वाऱ्यापासून आडोसा देतात. पिर्गोसला दारांवरच्या कोरीव संगमरवरी जाळ्या आणि संगमरवराचं संग्रहालय. वोलाक्सला गोल कातळांच्या मधे बसवलेली घरं. बसगाड्या थोड्या असतात, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

रात्री खोलीवर: मापं शाईने, फोटोंना गावाचं नाव, सगळ्या पानांचे फोटो काढून घरी पाठवणे. ज्या पानावरचं वर्तुळ रिकामं असेल ते बाजूला काढा आणि सकाळी पहिल्यांदा तिथेच परत जा. मग बाकीचं.