लिबआयडीएन२ जोडा, पण सक्ती नको

होस्टनाव घेऊन इंटरनेटवर जोडणी करणारं टूल लिहिताय? ‘दर्या.भारत’ हे नाव डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेला) थेट चालत नाही. आधी त्याचं ‘एक्सएन--’ने सुरू होणारं प्युनीकोड, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांतलं, रूप करावं लागतं. ते काम लिबआयडीएन२ ही लायब्ररी करते. गोव्यात मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत लिहितात, तेव्हा इथे ती हवीच. पण तेच टूल छोट्या राउटरवर चालवणाऱ्याला जादा लायब्ररी नको असते. कर्ल आणि वगेट या डाउनलोडच्या टूलमध्येही ती ऐच्छिकच आहे. खालची कृती सी भाषेत लिहिलेल्या आणि ऑटोटूल्सने (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणाऱ्या साधनांनी) बांधल्या जाणाऱ्या टूलसाठी.

डेबियन-उबंटूवर लिबआयडीएन२-डेव्ह, फेडोरावर लिबआयडीएन२-डेव्हेल बसवा, सोबत लायब्ररी शोधून देणारं पीकेजी-कॉन्फिगही. पीकेजी-कॉन्फिग नसताना ऑटोरीकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवणारी आज्ञा) चालवलं तर त्याचा मॅक्रो उलगडत नाही आणि कॉन्फिगर ‘सिंटॅक्स एरर’ देऊन मरतं. मग माणूस आपल्याच ओळीत चूक शोधत बसतो.

कॉन्फिगर.एसी या मूळ फाइलीत एसी_आर्ग_विथ या मॅक्रोने ‘--विथ’ पर्याय घ्या. त्याच्या किमती तीन: येस, नो, चेक. ‘चेक’ म्हणजे सापडली तर घे. ‘नो’ असेल तर शोधायचंच नाही. ‘येस’ सांगूनही सापडली नाही, तर एरर देऊन थांबायचं. गुपचूप पुढे जाणारं बिल्ड पॅकेज करणाऱ्याला फसवतं. शोध पीकेजी-कॉन्फिगच्या पीकेजी_चेक_मॉड्यूल्स मॅक्रोने घ्या, पण त्याचा चौथा भाग (न सापडल्यास काय करायचं तो) रिकामा सोडू नका. सोडलात तर लायब्ररी नसताना कॉन्फिगर तिथेच थांबतं, आणि ऐच्छिकपणा संपला.

शोधातून मिळालेले लिब्स (लायब्ररी जोडायचे पर्याय) मेकफाइलच्या एलडीअ‍ॅडमध्ये टाका. एलडीफ्लॅग्जमध्ये टाकले तर ते ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात आणि उबंटूचा लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो.

कोडमध्ये ‘इफडेफ’ (लायब्ररी असेल तरच कोड घेणारी अट) सगळीकडे पेरू नका. होस्टनाव बदलणारं एकच फंक्शन ठेवा. त्या फाइलीत कॉन्फिगरने बनवलेली कॉन्फिग.एच सर्वांत वर हवी, नाहीतर कंपाइल बिनबोभाट होतं आणि सोय मात्र गायब. नाव बदलणारं लायब्ररीचं आयडीएन२_लुकअप_यूएल हे फंक्शन लोकेलवर (भाषा-लिपीच्या सेटिंगवर) विसंबतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) लोकेल बहुधा ‘सी’ असतं, तिथे देवनागरी अडते. इनपुट यूटीएफ-८ आहे याची खात्री असेल तर आयडीएन२_लुकअप_यू८ बरं. मिळालेली स्ट्रिंग आयडीएन२_फ्रीने सोडा. लायब्ररीविना बांधलेल्या टूलने देवनागरी नाव कच्चं डीएनएसकडे न ढकलता स्पष्ट नकार द्यावा.

चाचणीला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ घ्या. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टंकली जाते: ‘ऱ’ वापरून किंवा ‘र्’नंतर शून्यरुंदीचा जोडक देऊन. लुकअपला दिलेला ट्रान्झिशनल फ्लॅग तो जोडक गिळतो, आणि दऱ्यांचा पत्ता थेट दर्यात जातो! म्हणून नॉनट्रान्झिशनल फ्लॅग द्या. एकाच अक्षराची वेगवेगळी टंकलेली रूपं एक करणारं एनएफसीही तोच फ्लॅग करतो, त्यामुळे ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेलं नावही ‘ऱ’वाल्याशी जुळतं. जोडकाचं नाव मात्र वेगळंच राहतं. चाचणीत तिन्ही नोंदवा.

शेवटी तीन बिल्ड करा: विथ, विदाउट आणि काहीच न सांगता. प्रत्येकावर एलडीडी चालवून लायब्ररी जोडली गेली का ते पाहा. आवृत्ती दाखवणाऱ्या ओळीत आयडीएन (देवनागरीसारख्या लिपीतल्या नावांची सोय) आहे की नाही तेही छापा. बग कळवणारा तीच ओळ चिकटवतो.